टेलपर्यंत जाणारे डॉक्टर

रविवार, १४ डिसेंबर. तळोदा. दुकान उघडण्याआधीची वेळ. डॉ. नरोत्तम पाटलांचा दवाखाना आवरायला हजर: शांताबेन, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, भारत पावरा, त्यांचा लॅब टेक्निशियन, आणि मी, हेमा, खालच्या मेडिकल स्टोअरची मालकीण. डॉक्टर गेल्या महिन्यात गेले.

यादी केल्याशिवाय मला कामाला हात लावता येत नाही. तपासणीचं टेबल शांताबेनच्या भाच्याकडे. मायक्रोस्कोप भारतकडे. फ्रीज माझ्याकडे, इन्सुलिनला लागतोच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. तो कुठे लावायचा हे कोणाला सुचेना आणि फेकायला कोणी तयार होईना. शेवटी भारतने खुर्चीवर चढून तो काढला, गुंडाळला आणि न विचारता आपल्या पिशवीत ठेवला. विषय संपला. पण मग आम्ही तिघं त्या मोकळ्या भिंतीकडे बघत बसलो आणि काम अर्धा तास मागे पडलं.

त्या नकाशावर डॉक्टरांनी निळ्या पेनाने चित्रं काढली होती. अमेरिकेवर पाण्याची मोठी मोटार. ब्रिटनवर ठिबकची नळी. क्युबावर विहीर आणि तिच्याभोवती माणसं. आफ्रिकेवर बाईच्या डोक्यावरची घागर. आपल्या देशावर पाट. नवा पेशंट हमखास विचारायचा की हे काय आहे. डॉक्टर त्याचीच वाट बघत असायचे.

डॉक्टर कळसाडीकडच्या गुजर शेतकऱ्याचे चिरंजीव. घरी कापूस आणि ऊस, आणि शेत पाटाच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पाणी सुटलं की वरची शेतं भिजायची आणि यांच्या बांधापर्यंत येईतो पाटात नुसता चिखल उरायचा. पुढे ते शिकले, ब्रिटनमध्ये एका प्रयोगशाळेत काही वर्षं रक्ताच्या आजारांवर काम केलं आणि परत आले. का परत आलात, याचं उत्तर ते दर वेळी वेगळं द्यायचे. कधी आई, कधी ऊन, कधी इथली वांगी. मी खरं कारण शोधायच्या भानगडीत पडले नाही.

त्यांचा एकच विषय होता: कुठल्या देशाचं सरकार आजारांच्या संशोधनाला कसा आधार देतं. आणि आजार म्हणजे सिकलसेल. आमच्या सातपुड्यात घराघरांत आहे तो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि माणूस सांध्यांच्या, छातीच्या दुखण्याने कळवळतो. आईवडील दोघांकडून आला तर आजार. एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक. डॉक्टर सांगायचे, अमेरिकेकडे सगळ्यात मोठी मोटार आहे, पण तिथे हा आजार काळ्या माणसांचा. गोऱ्यांत जास्त दिसणाऱ्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचे पेशंट कमी, तरी पाणी तिकडेच जास्त वळलं. ब्रिटनचं पाणी ठिबकचं: बेताचं, पण रोज आणि मुळाशी. क्युबा गरीब, पण विहीर सगळ्यांची. आफ्रिकेत पेशंट सर्वांत जास्त, आणि ओझं ज्याचं त्याच्या डोक्यावर. आपल्याकडे पाट. पाणी सुटतं, वाजतगाजत सुटतं. हे एवढं झालं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "पन टेलले गयं का?"

हा प्रश्न ते कशालाही लावायचे. रस्ता झाला, टेलले गयं का. लग्नात पंगत बसली, टेलले गयं का. वाढपी घाबरून शेवटच्या रांगेकडे पळायचा.

त्यांच्या दवाखान्यात फिरती, गादीची खुर्ची पेशंटसाठी होती. डॉक्टर स्वतः लोखंडी स्टुलावर. सिकलसेलवाल्याला कडक जागेवर बसवत नाही, म्हणून. त्यामुळे नवे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह खुर्चीवर बसलेल्या पावरा म्हातारीलाच नमस्कार करायचे आणि डॉक्टर स्टुलावर शेंगदाणे खात मजा बघायचे. रिप्रेझेंटेटिव्हला शेंगदाणे मिळायचे, ऑर्डर मिळायची नाही. स्वस्तातली चालणारी गोळी सोडून ते दुसरी लिहीत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, डॉक्टर, तुमच्यामुळे माझं दुकान चालत नाही. ते म्हणाले, "दुकान चालत नही म्हनीसनच पेशंट चाली ऱ्हायनात, भाभी." मी खाली येऊन माल लावला.

माझ्या पुतण्याच्या लग्नात सुरतेचे व्याही आणि डॉक्टर शेजारी जेवायला बसले. व्याही कापडाचे मोठे व्यापारी. डॉक्टरांनी दालबाटी चुरता चुरता ब्रिटनपासून सुरुवात केली. व्याह्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, संशोधनात सरकारचं काय काम, कंपन्या आहेत ना. डॉक्टरांनी मला हाक मारली. मी तूप वाढत होते. त्यांनी विचारलं, भाभी, तुम्ही वर डोंगरात मोलगीला दुकान का नाही टाकलं? मी खरं ते सांगितलं: गिऱ्हाईक गरीब, माल पडून राहील, मुदत संपेल. डॉक्टर व्याह्यांना म्हणाले, कंपनीचंही असंच आहे, आणि त्यात तिची चूक नाही. जिथे दुकान चालत नाही तिथे सरकार लागतं. मग माझा चेहरा बघून मला म्हणाले, "तुमनी बी चूक नही शे. तूप वाढा." व्याह्यांनी हात धुताना मला विचारलं, हे डॉक्टर आहेत की पुढारी? मी म्हटलं, शेतकरी.

त्यांच्या मनात एक अभ्यास होता. ब्रिटन सरकारच्या पैशातून एका लहान बेटावर डॉक्टरांनी सिकलसेल असलेल्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं, ती मुलं मोठी होईपर्यंत. आजार कधी उसळतो, कशाने मरण येतं, कशाने टळतं, हे जगाला त्यातून कळलं. डॉक्टरांना हेच आपल्या डोंगरात करायचं होतं. आपली माणसं वेगळी, खाणं वेगळं, मलेरिया आहे, ऊसतोड आहे. बेटावरचं उत्तर इथे जसंच्या तसं कसं लागू होईल? त्यासाठी सरकारी निधी हवा होता, आणि एकदा समितीपुढे दहा मिनिटं बोलायला बोलावणं आलं.

तयारी माझ्याकडे. चष्मा, बीपीची गोळी, स्वच्छ रुमाल, कागदांच्या तीन प्रती. भाषणाची तालीम माझ्या काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या देखत. पहिल्या दिवशी वेळ संपली तेव्हा ते अजून कॅनडातच होते. मी म्हटलं, कॅनडा काढा.

"कॅनडानी तुमनं काय बिघाडं, भाभी?"

काही नाही, पण काढा, मी म्हटलं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या मास्तरांनीही माझी बाजू घेतली. कॅनडा निघाला.

समितीत कोणीतरी विचारलं म्हणे, की या सगळ्या देशांत आपला नंबर कितवा. डॉक्टरांनी सांगितलं, नंबर मला काढता येत नाही. आपल्याकडे पाणी सुटतं, ते टेलला पोहोचलं का हे बघायला मला जायचं आहे. एका सरकारी कॉलेजच्या छत्राखाली अभ्यास मंजूर झाला. परत आले तेव्हा काउंटरवर दोन्ही हात टेकून एवढंच म्हणाले, "भाभी, पानी सुटनं." डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल काढला. तो अजून घडीचाच होता.

मग घोळ झाला, आणि तो त्यांच्या लाडक्या विषयानेच केला.

पहिलं शिबिर डोंगरातल्या एका शाळेत झालं. डॉक्टर नकाशा घेऊन गेले आणि त्यांनी लोकांना देश समजावून दिले. अमेरिका सरकार या रक्ताच्या अभ्यासावर केवढा खर्च करतं, ब्रिटनचं सरकार परक्या बेटावरच्या मुलांवर कसं लक्ष ठेवतं. आमचा भारत ते त्यांच्या पावरी बोलीत सांगत होता. लोकांनी शांतपणे ऐकलं, रक्त दिलं. पुढच्या खेपेला जीप गेली तर शाळा रिकामी. त्याच्या पुढच्या खेपेलाही. भारतला गावात कळलं ते त्याला डॉक्टरांना सांगवेना, म्हणून त्याने मला सांगितलं आणि मी वर जाऊन सांगितलं. लोकांचा समज असा झाला होता की आपलं रक्त अमेरिकेने घेतलंय आणि ते सुरतेहून विमानाने जातं. डॉक्टर आधी खूप हसले. मग दिवसभर त्यांनी शेंगदाण्यांना हात लावला नाही.

त्या पाड्याच्या कारभाऱ्याला भेटायला आम्ही गेलो. म्हातारा माणूस, गावाच्या वतीने बोलणारा. औषधांची खोकी होती म्हणून मीही जीपमध्ये होते. त्याने डॉक्टरांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि अमेरिकेचा विषयच काढला नाही. तो पावरीत बोलत होता आणि भारत खाली बघत मराठी करत होता.

"तो म्हणतो, कोंबडी नेली तरी माणूस परत भेटल्यावर सांगतो, चांगली लागली. माझं रक्त नेलं, मुलाचं नेलं, नातवाचं नेलं. कोणी परत येऊन सांगितलं नाही, कसं होतं."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ते भारतला म्हणाले, त्याले सांग, मी येसू. ज्यानं ज्यानं रगत दिधं, त्याना घर जाईसन सांगसू. हा शब्द शे.

कारभाऱ्याने मान हलवली. ती होकाराची होती की बघू या म्हणणारी, ते भारतलाही कळलं नाही.

दवाखान्यात परतल्यावर त्यांनी जुन्या ओळखीच्यांना परदेशात फोन लावले. आधी त्यांचा प्रश्न असायचा, तुमचं सरकार किती देतं आणि कोणाला देतं. आता एकच विचारायचे: ज्याचं रक्त घेतलं त्याला परत येऊन कोण सांगतं? उत्तरं आली तशी त्यांची देशांची उतरंड बदलत गेली. ब्रिटनमधल्या मित्राने सांगितलं की पत्र जातं, कधी कधी तेही अवघड भाषेत. बेटावर मात्र पेशंट वर्षानुवर्षं त्याच दवाखान्यात येत आणि नर्स त्यांना नावाने ओळखत. अमेरिकेचं सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली जायचा. तिथे एके काळी सरकारच्याच पैशातून एक अभ्यास चालला होता, दुसऱ्या आजाराचा, आणि त्यातल्या काळ्या माणसांना त्यांचा आजार काय आहे हे वर्षानुवर्षं सांगितलंच नव्हतं. "मोटार एवढी मोठी," ते म्हणायचे आणि पुढचं वाक्य सोडून द्यायचे.

त्यानंतर शिबिरं बंद. डोंगरात पाडा म्हणजे घरांची रांग नव्हे. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या, प्रत्येक आपापल्या शेतात. डॉक्टर पायी जायचे. सांगण्याची त्यांची एक पद्धत ठरली होती. जमिनीवर बसायचं. आधी शेळ्या, मका, पोराबाळांची चौकशी. मग बाकीच्यांना बाहेर जायला सांगायचं, कारण हा आजार शेजाऱ्याला कळला की पोरीचं लग्न अडतं. मग दोन वाक्यांत सांगायचं. आणि मग उठायचं नाही. समोरचा माणूस काहीतरी विचारेपर्यंत बसून राहायचं. कोणी लगेच विचारायचं, कोणी चूल पेटवून, भाकरी थापून, डॉक्टरांना खायला घालून मग विचारायचं. बाईला बाईने सांगायचं, हाही नियम. त्यासाठी शांताबेन बरोबर जायच्या. त्या निवृत्त नर्स. वाटेत दोघांचं भांडण चालायचं. शांताबेन म्हणायच्या, लग्नात सात पावलं म्हणाले होते, हा डोंगर कोणी सांगितला नव्हता.

एका तरुणाला त्यांनी सांगितलं की तुला आजार नाही, तू नुसता वाहक आहेस. त्याने विचारलं, मग मी कोणाला देऊ शकतो का? डॉक्टरांना वाटलं, त्याला धास्ती पडली. ते समजावू लागले. भारतने थांबवलं. तो विचारत होता की माझं रक्त चांगलं आहे तर ते माझ्या आजारी बहिणीला देता येईल का. हे डॉक्टर कितीतरी जणांना सांगायचे. दर वेळी बहिणीपाशी येऊन थांबायचे.

तिसऱ्या वर्षी निधी अडकला. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिले. मशीनवरच्या तपासण्या लांबल्या. डॉक्टरांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. पाटाचं पाणी असंच, म्हणाले. नर्मदेच्या बाजूच्या शेवटच्या पाड्याचे रिपोर्ट तेवढे यायचे होते. तिथे आधीच रक्त घेऊन झालं होतं आणि शब्द दिलेला होता. दरम्यान त्यांच्या हृदयाने कुरकूर सुरू केली. मी त्यांना औषधांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. त्यांनी तो कागद डोळ्यांपुढे धरला, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि गोळ्या विसरले.

दिवाळीनंतर रिपोर्ट आले. शांताबेननी नको म्हटलं, मी नको म्हटलं. ते म्हणाले, "पानी इतलं दूर उनं, आते टेलले नही जावानं का?" जीप निघाली. ते पुढच्या सीटवर, आम्ही तिघं मागे.

रस्ता जिथे संपतो तिथे एक मोहाचं झाड आहे. पुढे चढ. डॉक्टर थोडं चालले आणि थांबले. भारत वर गेला. थोड्या वेळाने वरून खाट आली, ती झाडाखाली टाकली गेली आणि डॉक्टर तिच्यावर बसले. मग सगळा पाडा खाली उतरून आला. डॉक्टरांचा चेहरा पडला. घरात जाऊन एकेकाला सांगायचं ते इथे, उघड्यावर, सगळ्यांसमोर कसं सांगणार?

भारतने तिथल्या कारभाऱ्याच्या कानात अडचण सांगितली. कारभारी लोकांकडे वळून काहीतरी एकच शब्द बोलला. बाया, पुरुष, म्हातारे, सगळे थोडे वर चढून गेले, उतारावर पांगून उभे राहिले आणि त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. ज्याची पाळी तो तेवढा वळून खाली यायचा. डॉक्टर किंवा शांताबेन त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, तो विचारेपर्यंत थांबायचे, आणि तो परत जाऊन डोंगराकडे तोंड करून उभा राहायचा. कोणाला काय सांगितलं गेलं हे कोणाच्याही तोंडावरून कोणाला कळू नये, म्हणून. दुपार कलली तरी त्या उतारावर एकाने मान वळवली नाही.

शेवटी डॉक्टरांनी रमिलाचं नाव घेतलं. ती नव्हती. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, बारडोलीकडे. तिची आई पुढे आली. म्हणाली, मला सांगा, मी तिला सांगेन. रमिलाच्या रिपोर्टमध्ये आजार होता, वाहक नव्हे, पूर्ण आजार. शांताबेननी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आईला म्हणाले, पोर मोठी आहे, रक्त तिचं आहे, तिलाच सांगायचं. ती कुठे असेल तिथे येऊन सांगू.

भारतने ड्रायव्हरला जीप वळवून घ्यायला सांगितलं. डॉक्टर पुढे बसले, काच खाली केली आणि मागे वळून बघितलं. उतारावरची सगळी माणसं आता आमच्याकडे तोंड करून उभी होती. कोणी हात हलवला नाही. डॉक्टरांनीही नाही. वळण येईपर्यंत ते तसेच मान वळवून बसले होते, आणि मागच्या सीटवरून मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. घाटात त्यांनी एकाही देशाचं नाव काढलं नाही. माझी त्यांच्याबरोबरची ती शेवटची फेरी. पुढच्या आठवड्यात त्यांना नंदुरबारला दाखल केलं.

आज आवरताना यादीतली सगळी कामं झाली. एक राहिलं.

भारत इतके दिवस रमिलाचा पडाव शोधत होता. तोडणी सरकते तशी ती माणसं एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातात. काल मुकादमाचा फोन लागला. तो म्हणाला, काय निरोप आहे तो मला द्या, मी सांगतो तिला. भारतने काही न सांगता, पडाव कुठे आहे तेवढं विचारून फोन ठेवला. मुकादमाला कळलं तर टोळीला कळेल, आणि तिचं कामही जाईल. होळीला ती घरी येईल, पण तोवर थांबता येत नाही. उन्हात, कमी पाण्यावर, दिवसभर कोयता चालवणं म्हणजे हा आजार मुद्दाम उठवणं.

शांताबेनचे गुडघे आता जीपमध्ये चढू देत नाहीत. तेव्हा बुधवारी भारत आणि मी निघतो आहोत. शांताबेननी आज मला ती दोन वाक्यं पाठ करायला लावली. मी ती चटकन म्हटली. त्या म्हणाल्या, गोळ्या मोजून देतेस तसं नाही, हळू. मी हळू म्हटली. वाक्यं जमतात. त्यानंतर उठायचं नाही, ती काहीतरी विचारेपर्यंत तिच्यासमोर जमिनीवर बसून राहायचं, हे मी आयुष्यात कधी केलेलं नाही. माझं काउंटर आहे. माणूस येतो, घेतो, जातो.

बुधवार: पाण्याचे कॅन, ओआरएस, गोळ्या, रिपोर्ट बंद पाकिटात. दुकान दिवसभर बंद. रमिलाला सांगायचं आहे.